बलुतं

दया पवार (१९३५–९६) यांचे आत्मकथन. ‘ग्रंथाली’ने ते १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. गावकीच्या कामाबद्दल बलुतेदाराला मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याचे हे नाव लेखकाने जातीमुळे पदरात पडलेल्या दुःखाला दिले आहे.

मराठीतील पहिले दलित आत्मकथन असा याचा उल्लेख सर्रास होतो. त्याला मर्यादा घालणे आवश्यक आहे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मधील (१९७९) काही भाग आधीच नियतकालिकांतून आला होता, माधव कोंडविलकर यांचे रोजनिशीच्या स्वरूपातील लेखनही पुस्तक होण्यापूर्वी नियतकालिकात छापले गेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहुधा १९३५–३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या अस्पृश्यतेच्या आठवणी जमेस धरल्या, तर हा प्रारंभ आणखी मागे जातो. त्यामुळे ग्रंथरूपाने आधी आलेले आणि ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) अशा पुढील आत्मकथनांना वाट करून देणारे, एवढेच म्हणणे अधिक योग्य ठरते. त्याचे मोलही त्यातच आहे.

कथन दुपदरी आहे. दगडू मारुती पवार हे लेखकाचे मूळ नाव. हा दगडू आपली कहाणी शिकून पांढरपेशा झालेल्या दया पवारला सांगतो. काहींना ही निवेदनाची युक्ती वाटते. परंतु मुंबईतील कावाखाना ही वस्ती, अकोले तालुक्यातील धामणगावचा महारवाडा आणि संगमनेरचे शिक्षण यांतून घडलेल्या मनाला आपलेच बालपण परके होत जाते, ही वेदना या रचनेशिवाय मांडता आली नसती, असे मानणारे मत अधिक पटते. ‘आत्मचरित्र’ऐवजी ‘आत्मकथन’ किंवा ‘स्वकथन’ ही संज्ञा वापरण्याचा आग्रहही अशाच पुस्तकांच्या चर्चेतून बळावला, कारण येथे कर्तृत्वाचा आलेख नसून एका समूहाचे जगणे आहे.

पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकांनी पुस्तकाचे मनापासून स्वागत केले. दलित वाचकांत मात्र दोन तट पडले: वस्तीतील दारिद्र्य, व्यसने आणि घरातल्या स्त्रियांचे खाजगी जीवन चारचौघांत उघडे करण्यास अनेकांचा विरोध होता. स्त्रियांच्या चित्रणावरील आक्षेप अधिक टिकाऊ ठरला. बेबी कांबळे आणि शांताबाई कांबळे यांची आत्मकथने १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा महारवाड्यातील बाईचे जिणे तिच्याच शब्दांत वाचायला मिळाले. ‘बलुतं’चा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.