सभ्य गुप्तहेराची खुरटी दाढी : एका रूपाची पार्श्वभूमी

जेम्स बाँडच्या पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शन देनी विल्नव करणार असल्याचे जून २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि डॅनियल क्रेगनंतर ही भूमिका कोणाकडे जाणार याच्या अंदाजांना पुन्हा जोर आला. या अंदाजांच्या गर्दीत एक प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो या व्यक्तिरेखेच्या मुळाशी जाणारा आहे. आजच्या बहुतेक नटांच्या गालांवर दोन-चार दिवसांची खुरटी दाढी कायम दिसते; मग उंची सूट घालून जुगाराच्या टेबलाशी शांतपणे बसणाऱ्या, मद्य आणि माणसे सारख्याच सफाईने पारखणाऱ्या गुप्तहेराला ती शोभते का? मुंबईकर प्रेक्षकाला हा प्रश्न पडायला आणखी एक कारण आहे. हिंदी पडद्यावरच्या गुप्तहेराच्या चेहऱ्यावर गेल्या काही वर्षांत दाढीने चांगलेच बस्तान बसवले आहे, आणि त्याचे रूप ठरवणारे रंगभूषाकार व केशभूषाकार याच शहरात काम करतात. आवडीनिवडीचे मत देऊन मोकळे होण्याआधी, सभ्य गुप्तहेराची हनुवटी मुळात गुळगुळीत का झाली, हे पाहायला हवे.

त्याची सुरुवात रणांगणावर झाली. ब्रिटिश लष्करात मिशी राखणे एके काळी नियमाने बंधनकारक होते आणि वरचा ओठ साफ ठेवणारा सैनिक शिक्षेस पात्र ठरत असे. हा नियम ऑक्टोबर १९१६ मध्ये, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, रद्द झाला. त्याआधी एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या इप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला होता. वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर गाल आणि हनुवटी साफ असणे गरजेचे होते. किंग कँप जिलेट यांनी सुटे पाते बसवण्याच्या वस्तऱ्याचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत १९०४ मध्ये मिळवलेले होते आणि अमेरिकी सैनिकांना असे वस्तरे सरकारी खर्चाने लाखोंच्या संख्येने वाटले गेले. न्हाव्याकडे न जाता रोज सकाळी स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊनच ही पिढी घरी परतली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात साफ चेहरा हे शिस्तीचे, आरोग्याचे आणि नोकरीला लायक असल्याचे लक्षण ठरले. मुंबईतल्या कचेऱ्यांत साहेबाच्या हाताखाली काम करणाऱ्या कारकुनानेही ते पाहता पाहता उचलले.

आरमाराची रीत मात्र निराळी होती, आणि बाँड हा आरमारातला कमांडर असल्यामुळे ती येथे महत्त्वाची ठरते. ब्रिटिश आरमाराने १८६९ मध्ये दाढी राखण्याची मुभा दिली, पण दाढी आणि मिशी दोन्ही पूर्ण वाढवायची, नाही तर दोन्ही काढायची, असा दंडक ठेवला. नुसती मिशी चालत नसे. दाढी वाढवायची असेल तर वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागे, आणि वाढ विरळ किंवा ठिगळासारखी निघाली तर वस्तरा पुन्हा हातात घ्यावा लागे. म्हणजे दाढीला या व्यवस्थेत जागा होती; दोन दिवसांच्या खुंटांना ती फक्त तात्पुरत्या, परवानगीच्या मुदतीपुरत्या अवस्थेत होती. बाँडचे जनक, कादंबरीकार इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात याच आरमाराच्या गुप्तवार्ता विभागात अधिकारी होते.

फ्लेमिंगनी १९५३ च्या पहिल्या कादंबरीपासून बाँडचा चेहरा बारकाईने रेखाटला आहे. कपाळावर येणारी काळ्या केसांची बट आणि उजव्या गालावरचा उभा व्रण या त्याच्या दोन खुणा. तो व्रण दिसायचा तर गाल साफच हवा. दाढी-मिशी कोणाच्या वाट्याला येते, हेही पाहण्यासारखे आहे. १९५५ च्या ‘मूनरेकर’ या कादंबरीतला खलनायक ड्रॅक्स भरघोस तांबूस मिशी राखतो, युद्धात होरपळलेला चेहरा त्याने केसांआड दडवलेला असतो, आणि त्याच्या तळावरच्या सगळ्या जर्मन तंत्रज्ञांची डोकी भादरलेली, पण प्रत्येकाची मिशी मात्र वेगळ्या तऱ्हेची असते. फ्लेमिंगच्या जगात चेहऱ्यावरचे केस ही काहीतरी झाकण्याची जागा आहे आणि बाँडने स्वतःचा चेहरा उघडा ठेवलेला आहे. फसवणूक हाच ज्याचा धंदा, त्याला लेखकाने सर्वांत निष्कपट दिसणारा चेहरा द्यावा, ही निवड मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

पडद्याचे स्वतःचे कारणही होते. २६ सप्टेंबर १९६० रोजी अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांचा पहिला दूरचित्रवाणी वाद झाला. निक्सन नुकतेच आजारातून उठले होते, त्यांची दाढी संध्याकाळपर्यंत सावलीसारखी उमटत असे आणि ती दडवायला लावलेली पावडर दिव्यांच्या उष्णतेने टिकली नाही. कृष्णधवल पडद्यावर तो माणूस थकलेला आणि काहीसा संशयास्पद दिसला. दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, ‘डॉ. नो’ हा पहिला बाँडपट प्रदर्शित झाला. त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनात खुंट आणि अविश्वास यांची सांगड किती पक्की होती, हे लक्षात घेतले की शॉन कॉनरीच्या हनुवटीवर एवढी मेहनत का घेतली गेली ते समजते.

कॉनरी मुळात सभ्य गृहस्थांच्या वर्तुळातला नव्हता. एडिंबरोच्या कामगार वस्तीत वाढलेल्या, दूध घरोघरी पोहोचवण्यापासून अनेक कष्टाची कामे केलेल्या या शरीरसौष्ठवपटूला दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी स्वतःच्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे, नेले आणि कपडे अंगावर सहज वागवायला शिकवले. डोक्यावरचे केस विरळ झाले होते म्हणून त्याला बाँडपटांत टोप वापरावा लागला. याचा अर्थ पडद्यावरचा हा सभ्य गृहस्थ पहिल्या दिवसापासून घडवलेला होता, आणि गुळगुळीत गाल हा त्या घडणीचाच भाग होता. पुढे रॉजर मूरच्या पहिल्या बाँडपटात, १९७३ मध्ये, न्हाणीघरात दाढी चालू असताना साप आत शिरतो आणि बाँड आफ्टरशेव्हचा फवारा पेटत्या सिगारवर धरून त्याला जाळतो. मृत्यू दाराशी आला तरी सकाळची दाढी नीट व्हायला हवी, हे त्या प्रसंगाने एका शब्दाविना सांगितले.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाला खुरटी दाढी पडद्यावर मानाने वावरू लागली होती, पण ती कायद्याबाहेरच्या, धुळीतल्या माणसाची म्हणून. १९६४ पासून क्लिंट ईस्टवुडने इटालियन वेस्टर्नपटांत ती मिरवली. आपल्याकडे १९७५ मधला गब्बर सिंग आठवावा. तुरुंगातून सुटलेला, प्रेमभंग झालेला किंवा काम नसलेला नायकही हिंदी चित्रपटात दाढी वाढवूनच दिसे, आणि परिस्थिती सुधारली की पुढच्याच दृश्यात त्याचा गाल साफ होई.

उंची सूट आणि खुरटी दाढी यांची जोडी जमवण्याचे श्रेय बव्हंशी १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘मायामी व्हाइस’ या अमेरिकी मालिकेकडे जाते. डॉन जॉन्सनने उभा केलेला पोलीस ओळख लपवून अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांत वावरतो. फिकट रंगाचा कोट, आत टीशर्ट, पायांत मोज्यांविना बूट आणि गालांवर नेमक्या लांबीचे खुंट, असा त्याचा अवतार होता. हा माणूस गुप्तहेराचाच चुलतभाऊ म्हणावा लागेल. त्याने आळसाचे लक्षण ऐटीचे करून टाकले, आणि त्यानंतर दाढीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजणारी यंत्रे घराघरांत शिरली. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डिक्सन आणि ब्रुक्स या संशोधकांनी साफ चेहरा, हलके खुंट, दाट खुंट आणि पूर्ण दाढी अशी छायाचित्रे लोकांना दाखवली, तेव्हा स्त्रियांनी सर्वाधिक आकर्षक ठरवले ते सुमारे दहा दिवसांच्या दाट खुंटांना. नट आणि निर्माते यांचा कल कुठे जाणार, हे सांगायला नको.

बाँडपटांनी मात्र दाढीचा उपयोग फार जपून केला. २००२ च्या चित्रपटात पिअर्स ब्रॉस्नन उत्तर कोरियाच्या कैदेतून चौदा महिन्यांनी बाहेर येतो तो खांद्यापर्यंत केस आणि वाढलेली दाढी घेऊन, आणि भिजलेल्या कपड्यांत हाँगकाँगच्या आलिशान हॉटेलात शिरतो. दाढी उतरते तेव्हा कुठे बाँड परत आल्यासारखा वाटतो. २०१२ चा ‘स्कायफॉल’ या बाबतीत अधिक खोल आहे. मेला असे समजला गेलेला बाँड समुद्रकिनाऱ्यावर दारूत बुडालेला असतो, परततो तो पांढरे खुंट घेऊनच, आणि चाचण्यांत नापास होण्याइतका खचलेला असतो. बाँड मालिकेतला हा पहिलाच डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झालेला चित्रपट, त्यामुळे छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांच्या चित्रणात त्या खुंटांतला प्रत्येक पांढरा केस वेगळा दिसतो. मग मकाऊच्या खोलीत त्याची सहकारी मनीपेनी उघड्या वस्तऱ्याने त्याची दाढी करते. ज्या बाईच्या गोळीने तो पडला होता, तिच्याच हातातले धारदार पाते त्याच्या गळ्यावरून फिरते. विश्वास, आकर्षण आणि पुनरागमन या तिन्ही गोष्टी दिग्दर्शक सॅम मेंडिस यांनी त्या एका दाढीत बसवल्या. आधीच्या अर्ध्या चित्रपटात खुंट नसते, तर हे दृश्य घडलेच नसते. आणि पन्नास वर्षे बाँडचा गाल साफ नसता, तर त्या खुंटांना काही अर्थच आला नसता.

हिंदी पडद्यावरचा गुप्तहेर याच रांगेतून सुरू झाला होता. गिरगावच्या चाळीत वाढलेला जितेंद्र १९६७ मध्ये ‘फर्ज’मध्ये एजंट ११६ झाला तेव्हा तो तुळतुळीत दाढी केलेला, चकाचक तरुण होता, मूळ तेलुगू चित्रपट आदल्या वर्षीचा, पण नमुना उघडच बाँडचा. आज चित्र पालटले आहे. ‘वॉर’मधला (२०१९) हृतिक रोशन काळ्या-पांढऱ्या खुंटांत वावरतो, ‘पठान’मधला (२०२३) शाहरुख खान लांब केस आणि खुरटी दाढी घेऊन येतो. हे गुप्तहेर इंग्रजी क्लबातून आलेले नाहीत. पठान स्वतःला देशाने वाढवलेला अनाथ मानतो, तर ‘वॉर’मधला कबीर लष्करातून आलेला आहे. त्यांच्या गालांवरचे खुंट जखमी सैनिकाचे आहेत. सभ्य गृहस्थाचा मुखवटा त्यांना पेलायचाच नसल्यामुळे त्यांची दाढी मला खटकत नाही.

खरी अडचण सभ्य गृहस्थच बदलला आहे, ही आहे. दादर किंवा परळच्या सलूनमध्ये खुर्चीत बसताच हल्ली ‘क्लीन करू की ट्रिम?’ असे विचारले जाते, आणि बीकेसीतल्या बँकेत काम करणारा तरुण बरेचदा ट्रिमच सांगतो. मग यंत्रावर तीन मिलिमीटरची फणी चढते, गालावरची रेषा वस्तऱ्याने आखून घेतली जाते, कंठमण्याखालचा भाग साफ होतो म्हणजे शर्टाच्या कॉलरला खुंट घासत नाहीत, आणि शेवटी तुरटी फिरते. साध्या दाढीपेक्षा याला वेळ जास्त लागतो. श्रावण पाळणाऱ्याच्या महिनाभराच्या दाढीशी किंवा आजारपणातल्या खुंटांशी या दाढीचे काहीच नाते नाही; ती इस्त्रीच्या शर्टाइतकीच तयारीची गोष्ट आहे. गुप्तहेराचे काम श्रीमंतांच्या मेजवानीत मिसळून जाण्याचे असेल आणि त्या मेजवानीतले निम्मे पुरुष अशी दाढी राखत असतील, तर गुळगुळीत गालाचा माणूसच तिथे उठून दिसेल. हा युक्तिवाद मला प्रामाणिक वाटतो आणि तो झटकून टाकता येत नाही.

तरीही माझे मत साफ गालाच्या बाजूने पडते, आणि त्याचे कारण कथा सांगण्याच्या सोयीत आहे. नायक पहिल्या दृश्यापासून खुंटांत असेल, तर त्याची घसरण दाखवायला दिग्दर्शकाकडे चेहऱ्यावर काही उरत नाही. छळानंतरचा, रात्रभराच्या पाठलागानंतरचा आणि मेजवानीतला चेहरा एकसारखाच राहतो. निर्मितीच्या अंगाने पाहिले तरी खुंट हे जिकिरीचे काम आहे. चित्रपट क्रमाने चित्रित होत नाही, त्यामुळे एकाच प्रसंगाचे दोन तुकडे महिन्याच्या अंतराने घेतले तरी दाढीची लांबी तीच हवी, आणि ते सांभाळण्यात रंगभूषाकाराची रोजची सकाळ जाते. चेहऱ्यावरच्या केसांपायी किती नुकसान होऊ शकते हे हेन्री कॅव्हिलच्या बाबतीत दिसले: ‘मिशन इम्पॉसिबल’च्या २०१८ च्या भागासाठी राखलेली मिशी काढायला परवानगी न मिळाल्यामुळे दुसऱ्या चित्रपटाच्या पुनर्चित्रणात ती संगणकावर पुसावी लागली, आणि त्याचा वरचा ओठ विचित्र दिसला म्हणून चित्रपटाची नाचक्की झाली.

नियमांची जुनी चौकट आता बाँडच्या मदतीला येणार नाही. ब्रिटिश हवाई दलाने २०१९ मध्ये आणि लष्कराने मार्च २०२४ मध्ये दाढीला परवानगी दिली. लष्कराच्या नियमात लांबी सुमारे अडीच मिलिमीटरपासून साडेपंचवीस मिलिमीटरपर्यंत चालते, फक्त ती नीट कातरलेली असावी आणि विरळ असू नये. नव्या बाँडने तीन मिलिमीटरची दाढी राखली तर त्याच्या वरिष्ठांना तक्रारीला जागा राहणार नाही. विल्नव आणि त्यांच्या चमूला एवढेच ठरवायचे आहे की ती दाढी त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या दृश्यात असावी, की काहीतरी हरवून बसल्यानंतर यावी.