ट्रकला चढ कसा कळतो: इंजिन मोडमागची गोष्ट

न्हावा-शेवाहून कंटेनर घेऊन गुजरातकडे निघालेला ट्रेलर कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास, माजिवडा करत घोडबंदर रोडला लागतो. एकाच फेरीत सपाट रस्ता, कोंडी आणि गायमुखचा चढ. ४० टनी गाडीला सपाटीवर ताशी ५० किमीला साधारण ६५ अश्वशक्ती पुरते. ४ टक्के चढावर ताशी ३० राखायचे तरी २०० च्या वर लागते. परतीला तीच गाडी रिकामी, १५-१६ टनांची.

इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप मेकॅनिकल होता त्या काळात भारानुसार इंजिनाची ताकद बदलायला उपाय नव्हता. मायको कंपनीच्या इनलाइन पंपाचा फुल-लोड स्क्रू, म्हणजे जास्तीत जास्त डिझेल किती जाईल हे ठरवणारा स्क्रू, एकदा बसवून सील मारायचे. ओढ कमी वाटली की मालक ‘पंप वाढवून’ घेत. मग काळा धूर, तापलेला टर्बो, आणि ॲव्हरेज रिकाम्या गाडीलाही पडलेले.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट डिझेल या इंजिन कंपनीने १९८५ मध्ये अवजड इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणले. पुढे कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी रचना) आल्यावर किती डिझेल, कधी सोडायचे हे ईसीयूतला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला, नकाशा (आकड्यांचा तक्ता) ठरवू लागला. एका इंजिनात दोन-तीन नकाशे ठेवणे सोपे झाले. आपल्याकडे २०१६ च्या महिंद्रा ब्लेझोत डॅशबोर्डवर टर्बो, हेवी आणि लाइट असे इंजिन मोड निवडायचे बटण आले. पण अशा बटणाची अडचण इंजिनात नाहीच. लाइटवर ठेवून चढाला लागलेल्या ड्रायव्हरला ऐन वेळी गिअर पाडावे लागतात, मागून हॉर्न सुरू होतात, क्लच घासतो. डिझेलचे पैसे मालकाचे, त्रास ड्रायव्हरचा. बटण हेवीवरच राहते.

म्हणून निर्णय ईसीयूकडे गेला. खरा पेच वजनाचा. गाडी दमतेय ती मालामुळे की चढामुळे, हे वेगावरून कळत नाही. युक्ती गिअर बदलतानाच्या क्षणात आहे. क्लच सुटला की चाकांना ओढ शून्य. वेग घटतो तो चढ आणि रस्त्याच्या घर्षणामुळे, थोडा हवेमुळे. गिअर बसताच ओढ परत येते. आधीच्या आणि नंतरच्या त्वरणातला फरक फक्त ओढीचा, आणि ओढीला त्या फरकाने भागले की वजन मिळते. वजन कळले की चढही निघतो. व्होल्वोने २०१२ च्या आय-सी प्रणालीत तर गाडीला रस्त्यावरचे चढ लक्षातच ठेवायला लावले.

मोड वर जाताना लगेच जावा, खाली येताना काही सेकंद थांबावा. नाहीतर दोन मोडच्या सीमेवरच्या भारावर तो सारखा पलटतो आणि गाडी झटके देते. टायरचा साइज किंवा क्राउन-पिनियनचे (मागच्या आसातल्या दात्यांच्या जोडीचे) गुणोत्तर बदलून ईसीयूत नोंद केली नाही, तर ओढीचा हिशेबच चुकतो आणि वजन भलतेच येते. टँकरमध्ये द्रव हिंदकळला तरी आकडा हलतो, म्हणून एका गिअर-बदलावर विसंबत नाहीत, अनेकांची सरासरी घेतात. आणि इंजिन चालू ठेवून कंटेनर चढवला, तर पहिले काही गिअर बदलेपर्यंत ईसीयूच्या लेखी गाडी रिकामीच असते. त्यामुळे बराच वेळ उभ्या राहिलेल्या गाडीला भरलेली समजूनच सुरुवात करणे शहाणपणाचे.