दंडाची रक्कम आणि वेगाचा काटा

एकाच रस्त्यावरून शेजारी शेजारी दोन मोटारी चालल्या आहेत असे समजू. पहिलीचा वेग ताशी ५० किलोमीटर आहे, दुसरीचा ६०. रस्ता कोरडा आहे, दोन्ही गाड्यांचे ब्रेक सारखेच चांगले आहेत आणि दोन्ही चालक सारखेच सावध आहेत. अचानक एक मूल रस्त्यावर येते. मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोघांनाही एक सेकंद लागला असे धरले, तर तेवढ्या वेळात पहिली गाडी सुमारे १४ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटरांत उभी राहते. दुसरी गाडी ब्रेक लागण्याआधीच जवळपास १७ मीटर गेलेली असते. ब्रेकमुळे दर सेकंदाला वेग सेकंदाला ७ मीटरने कमी होतो असे मानून गणित केले, तर पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली त्याच जागी दुसरीचा वेग अजून ताशी ४० किलोमीटर असतो. मूल त्या जागी असेल तर पहिल्या गाडीचा त्याला धक्काही लागत नाही आणि दुसरी त्याला ताशी ४० किलोमीटर वेगाने धडकते.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत ५० च्या गाडीपेक्षा ४४ टक्के अधिक ऊर्जा असते. ती सगळी ब्रेकना रिचवावी लागते, आणि त्यांचे काम सुरूच मुळी गाडी जास्त पुढे गेल्यावर होते. स्वीडनचे संशोधक योरान निल्सन यांनी हाच विचार एका गाडीवरून संपूर्ण रस्त्यावर नेला. त्यांच्या सूत्रानुसार रस्त्यावरील वाहनांचा सरासरी वेग बदलला की प्राणघातक अपघातांची संख्या साधारणपणे त्या वेगाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे सरासरी वेग अवघा ५ टक्क्यांनी वाढला, तरी प्राणघातक अपघात सुमारे २० टक्क्यांनी वाढतात. हा घातांक रस्त्याच्या प्रकारानुसार आणि मूळ वेगानुसार थोडा कमी-जास्त होतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसले. पण सूत्राचा गाभा टिकून राहिला.

स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला मात्र यातले काहीच जाणवत नाही. त्याच्या वाट्याला रोज उलटाच अनुभव येतो. तो वेगाने जातो, सुखरूप पोहोचतो आणि थोडा लवकर पोहोचतो. वाचलेल्या वेळाचा त्याचा अंदाजही सहसा चुकतो. दहा किलोमीटरच्या अंतरात ताशी ३० ऐवजी ४० किलोमीटरने गेल्यास ५ मिनिटे वाचतात. १०० ऐवजी ११० ने गेल्यास वाचतात जेमतेम ३३ सेकंद. काट्यावरची वाढ दोन्ही वेळा १० किलोमीटरचीच असल्याने मनाला दोन्ही लाभ सारखेच वाटतात, आणि वेग जेवढा जास्त तेवढी ही फसगत मोठी. अनुभवातून माणूस शहाणा होतो म्हणतात, पण इथे अनुभवच त्याला चुकीचे शिकवत असतो. म्हणून बाहेरून काहीतरी धाक असावा लागतो, आणि तो धाक म्हणजे दंड.

हा धाक किती मोठा असावा, याचे सर्वांत नावाजलेले गणित अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडले. नियम मोडणारा माणूस दंडाची रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार करतो आणि तो नियम मोडण्याच्या फायद्याशी ताडून पाहतो, असे त्यांनी गृहीत धरले. हे खरे मानले तर हजारात एकदा पकडून हजारपट दंड घेतला काय किंवा प्रत्येक वेळी पकडून एकपट घेतला काय, परिणाम एकच व्हायला हवा. मग सरकारने पोलीस, यंत्रे आणि न्यायालये यांवर खर्च कशाला करायचा? दंडाच्या आकड्यापुढे एक शून्य वाढवले की काम झाले. मोठा अपघात झाला की सर्वप्रथम दंडवाढीचीच घोषणा का होते, याचे उत्तरही बहुधा इथेच आहे. सरकारच्या हातातील सगळ्या उपायांमध्ये एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

पण माणसाचे मन असा गुणाकार करत नाही. फार लहान शक्यतेला ते पुष्कळदा शून्यच मानते, आणि शून्याला कितीही मोठ्या रकमेने गुणले तरी उत्तर शून्यच येते. शिवाय लाभ आत्ता मिळणार आणि दंड झालाच तर काही आठवड्यांनी होणार, असा मामला असला की दंडाचे वजन मनात आणखी घटते. इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी १७६४ मध्येच लिहून ठेवले होते की सौम्य पण अटळ शिक्षा ही भयंकर पण चुकवता येण्याजोग्या शिक्षेपेक्षा मनावर अधिक ठसते. खुद्द बेकर यांनीही गुन्हेगारांवर शिक्षेच्या तीव्रतेपेक्षा तिच्या खात्रीचा परिणाम जास्त होतो, हे निरीक्षण नोंदवले होते. त्यांच्या गणिताचा हवाला देणारे ते पुष्कळदा वगळतात.

नॉर्वेने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून वाहतूक नियमभंगाचे दंड टप्प्याटप्प्याने बरेच वाढवले. त्यांचा परिणाम तपासला तेव्हा वेगमर्यादा मोडण्याचे प्रमाण कमी होण्याकडे केवळ अंधूकसा कल दिसला. मात्र वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आसपास घट अधिक स्पष्ट होती. म्हणजे जिथे पकडले जाण्याची शक्यता खरोखर होती, तिथेच वाढीव दंडाला धार आली. याच अभ्यासातील एक संशोधक रुने एल्विक यांनी २०१६ मध्ये अनेक देशांतील दंडवाढींचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. दंड ५० टक्क्यांपर्यंत वाढवला तर नियमभंगावर परिणाम आढळला नाही. ५० ते १०० टक्के वाढीनंतर नियमभंग सुमारे १५ टक्क्यांनी घटले. दुपटीहून अधिक वाढ केली तेव्हा मात्र नियमभंग घटले तर नाहीतच, उलट ४ टक्क्यांनी वाढलेले दिसले.

हा शेवटचा आकडा लहान आहे आणि त्याच्यावर फार मोठा इमला उभारू नये, परंतु तो अगदी अनाकलनीयही नाही. दंड अवाच्या सवा झाला की पावती फाडणाऱ्याचा हात आखडतो. थोडक्या चुकीसाठी एखाद्याची महिन्याची कमाई काढून घ्यायला पोलीस कचरतात, समज देऊन सोडतात. जिथे यंत्रणा पोखरलेली असते तिथे रस्त्यातच तडजोड करण्याचा मोह दोन्ही बाजूंना वाढतो. ज्याला दंड होतो तोही तो मुकाट्याने भरत नाही, न्यायालयात जातो. अशा रीतीने रक्कम वाढते आणि तिच्यासोबत शिक्षेची खात्री घटते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने १ जुलै २००७ पासून बेदरकार वाहन चालवण्यासारख्या गंभीर गुन्ह्यांवर नेहमीच्या दंडाखेरीज ७५० ते ३,००० डॉलरचे जादा शुल्क लावले होते. त्यातून रस्त्यांसाठी निधी उभारायचा होता, आणि ते फक्त त्या राज्यातील रहिवाशांना लागू होते. परराज्यातला चालक त्याच गुन्ह्यात या शुल्कातून मोकळा सुटत असे. लोकांचा संताप एवढा वाढला की दुसऱ्याच वर्षी कायदा रद्द करून वसूल केलेले पैसे परत देण्याची पाळी आली. दंडाकडे महसूल म्हणून पाहिले जात आहे असा संशय एकदा आला, की त्याचा सुरक्षेशी काही संबंध आहे हे लोकांना पटवणे फार अवघड होते.

खात्रीचा परिणाम मोजायचा तर पकडणारे हात अचानक कमी झाले की काय होते हे पाहावे लागेल, आणि मुद्दाम असा प्रयोग कोणी करणार नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्यात तो आपोआप घडला. २००३ मध्ये तिथे पैशांच्या टंचाईमुळे रस्त्यांवर गस्त घालणाऱ्या राज्य पोलिसांपैकी सुमारे ३५ टक्के जणांना कामावरून कमी करावे लागले. या कपातीचे कारण अंदाजपत्रकात होते, रस्त्यांच्या स्थितीत नव्हते, त्यामुळे संशोधकांना तुलना करणे शक्य झाले. त्यानंतर रस्त्यांवरील जखमींची आणि मृतांची संख्या लक्षणीय वाढल्याचे त्यांना आढळले.

पोलिसांच्या जोडीला आता कॅमेरे आहेत. रडारवर चालणारे उपकरण सुमारे २४ गिगाहर्ट्झच्या लहरी गाडीवर सोडते आणि परतणाऱ्या लहरींची वारंवारता किती बदलली ते पाहते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीमुळे हा फरक साधारण ४,५०० हर्ट्झ इतका पडतो. उपकरण रस्त्याच्या कडेला, म्हणजे गाडीच्या दिशेशी कोन करून उभे असेल, तर नोंदलेला वेग खऱ्या वेगापेक्षा किंचित कमीच येतो, ही चालकाला भूमितीने दिलेली सूट. कॅमेऱ्यांविषयीच्या ३५ अभ्यासांचा पद्धतशीर आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेऱ्यांच्या परिसरातील अपघात ८ ते ४९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ही कक्षा फार रुंद आहे, आणि त्यात एक सांख्यिकीय गोम आहे. कॅमेरा बसवला जातो तो जिथे नुकतेच बरेच अपघात झाले आहेत अशा जागी. तिथली संख्या योगायोगाने चढलेली असेल तर ती कॅमेरा न लावताही पुढच्या वर्षी खाली आली असती. चांगले अभ्यास हा भाग वजा करतात, आणि तो वजा केल्यावरही काही घट शिल्लक उरते.

कॅमेऱ्याचे खरे दुखणे वेगळे आहे. रोजच्या वाटेवरचा कॅमेरा चालकाला पाठ होतो. तो जवळ आला की चालक ब्रेक दाबतो आणि ओलांडला की पुन्हा वेग घेतो. यावर सरासरी वेग मोजण्याची पद्धत निघाली. दोन कॅमेरे काही किलोमीटरांच्या अंतराने बसवायचे, दोन्हीकडे गाडीचा क्रमांक टिपायचा आणि मधले अंतर लागलेल्या वेळाने भागायचे. इथे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून काही साधत नाही.

दंड झाल्यावर त्याचा धाक किती दिवस टिकतो, हा प्रश्न रकमेच्या वादात सहसा हरवून जातो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात प्राणघातक अपघातांत सापडलेल्या हजारो चालकांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहतूक गुन्ह्यात दोषी ठरल्यानंतरच्या महिन्यात त्या चालकाच्या हातून प्राणघातक अपघात घडण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी असतो, असे त्यात आढळले. दोन महिन्यांत हा परिणाम बराच ओसरला आणि तीन-चार महिन्यांत उरलाच नाही. परवान्यावर दोषांक नोंदवले जात होते तिथे नुसत्या दंडापेक्षा परिणाम जास्त होता. दोषांकाचा फायदा असा की ते श्रीमंताला विकत घेता येत नाहीत, आणि ठरावीक मर्यादा गाठली की परवानाच जातो. मात्र अनेक देशांतील दोषांक पद्धतींचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा सुरुवातीची १५ ते २० टक्के घट दीड वर्षाच्या आत विरून गेल्याचे दिसले. लोकांना आधी वाटले होते तेवढे कोणी पकडत नाही, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येते.

श्रीमंतांचा मुद्दा फिनलंडने मुळातून सोडवला. तिथे १९२१ पासून दंड उत्पन्नाशी जोडलेला आहे. महिन्याच्या निव्वळ उत्पन्नातून ठरावीक वजावट करून उरलेल्या रकमेचा साठावा भाग हे एका दिवसाचे एकक धरतात, आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार अशी किती एकके भरायची ते ठरते. वेगमर्यादा थोडीच ओलांडली असेल तर ठोक दंड असतो. मोठ्या उल्लंघनाला हे सूत्र लागते. नोकियाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला २००२ मध्ये १,१६,००० युरो दंड झाला होता. उत्पन्न घटल्याचे दाखवल्यावर तो बराच कमी झाला. २०२३ मध्ये ५० च्या मर्यादेत ताशी ८२ किलोमीटर वेगाने गाडी चालवणाऱ्या एका उद्योजकाला १,२१,००० युरो भरावे लागले. अशा बातम्या वाचून जगभर हसू उमटते, पण सपाट दंडात एकाला जे चहापाण्याइतके वाटते तेच दुसऱ्याचे घरभाडे असते, आणि ही विषमता मला त्या आकड्यांपेक्षा जास्त विचित्र वाटते.

मर्यादेच्या दुपटीने गाडी हाकणारे मूठभर लोक या सगळ्या हिशेबाच्या बाहेर राहतात. रक्कम कितीही असली तरी त्यांना फरक पडत नाही, असे मानून डेन्मार्कने २०२१ पासून त्यांची गाडीच जप्त करायला सुरुवात केली. ती दुसऱ्याच्या मालकीची असली तरी जप्त होऊ शकते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी किंवा वेग आवरणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिला न जुमानता ॲक्सिलरेटर दाबण्याची मुभा मात्र चालकाकडेच ठेवलेली आहे, त्यामुळे कॅमेरे आणि दंड यांचे काम तिथेही संपलेले नाही.