रॅमवरचा आकडा आणि सीएल: ही भानगड आली कुठून

मागच्या मे महिन्यात कुडाळला एका पोराचा गेमिंग पीसी जोडायला बसलो होतो. सगळे पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेले, वडिलांनी आंब्याच्या सीझनचे पैसे त्यात घातलेले. विंडोज टाकून झाली, पोराने टास्क मॅनेजर उघडला आणि त्याचा चेहराच उतरला. "काका, रॅम ३२०० ची घेतलंय आणि हय २१३३ दाखयता. फसवल्यान काय माका?" बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅमवर लिहून ठेवलेला जास्तीचा वेग) चालू केलं, दोन मिनिटांत ३२०० आलं. पण पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता.

अगदी आधी, एसडी रॅमच्या काळात, पीसी१३३ म्हणजे १३३ मेगाहर्ट्झ, विषय संपला. २००० च्या आसपास डीडीआर ही नवी रॅम आली, क्लॉकच्या, म्हणजे रॅमच्या ठोक्याच्या, एका फेरीत दोनदा डेटा जायला लागला, म्हणजे क्लॉक २०० चं असलं तरी डेटा ४०० च्या वेगाने. विकणाऱ्यांनी अर्थातच ४०० छापलं आणि पुढे मेगाहर्ट्झ लावून टाकलं, खरं तर तो आकडा मेगाट्रान्सफरचा आहे, सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा जातो त्याचा. त्यात आणखी एक नाव बँडविड्थवरून, म्हणजे सेकंदाला एकूण किती डेटा जातो त्यावरून, दिलं. माझ्याकडे ड्रॉवरमध्ये ५१२ एमबी रॅमची एक जुनी स्टिक पडून आहे, तिच्या पिवळ्या पडलेल्या लेबलवर ठळक पीसी३२०० लिहिलंय. ती डीडीआर४०० आहे, ३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० एमबी. कुडाळच्या पोराची डीडीआर४, म्हणजे चौथ्या पिढीची, ती ३२०० मेगाट्रान्सफरची. आकडा तोच, अर्थ साफ वेगळा. आणि आजही सीपीयू-झेड हे हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं की त्याच रॅमला १६०० दाखवतं कारण ते खरं क्लॉक दाखवतं, मग लोक परत घाबरतात. विंडोज ११ ने २०२४ मध्ये कुठे टास्क मॅनेजरमधलं मेगाहर्ट्झ काढून एमटी/एस (सेकंदाला मेगाट्रान्सफर) लिहायला सुरुवात केली. वीस वर्षांहून जास्त उशीर.

सीएलचंही तसंच. सीएल (कॅस लेटन्सी) म्हणजे वेळ नाही, डेटा मागितल्यावर क्लॉकच्या किती फेऱ्या थांबायचं तो आकडा, त्यामुळे नुसता सीएल बघून काही कळत नाही. सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा, नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर४०० सीएल२ म्हणजे १०. डीडीआर२-८०० सीएल४, १०. डीडीआर४-३२०० सीएल१६, १०. ३६०० सीएल१८, तेही १०. डीडीआर५-६००० सीएल३०, परत १०! बँडविड्थ पंधरापट वाढली पण चांगल्या स्टिकचं थांबणं दहाच्या आसपासच घुटमळतंय, कारण आतल्या मेमरी सेलचा वेग फारसा बदललेलाच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात "सीएल३० म्हणजे स्लो ना?" असं कोणी विचारणार नाही.

गेमिंगवाल्यांनी याच्याकडे खरं लक्ष दिलं ते २०१७ पासून, एएमडीचे पहिले रायझेन प्रोसेसर आले तेव्हा. त्यात प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या फॅब्रिकचं क्लॉक रॅमच्या क्लॉकला बांधलेलं होतं, म्हणजे रॅम हळू तर प्रोसेसरचं आतलं बोलणंही हळू. २१३३ वरून ३२०० केलं की फ्रेम वाढलेले डोळ्यांना दिसायचे. २०१९ च्या रायझेनला ३६०० हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला, कारण बहुतेक चिपमध्ये फॅब्रिक १८०० ला आरामात चालायचं, त्याच्या फार वर गेलं की एकास एक जोडी तुटायची आणि उलट लेटन्सी, म्हणजे थांबण्याचा वेळ, वाढायची.

आता मुख्य दुखणं, एक्सएमपी. २००७ मध्ये डीडीआर३ सोबत आलं. कल्पना चांगली होती, रॅम कंपनीने तपासलेला स्पीड, टायमिंग आणि व्होल्टेज स्टिकवरच लिहून ठेवायचं, बायोसने ते वाचायचं. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात छापला तो हाच आकडा, आणि स्टिक आपोआप ज्यावर चालते तो २१३३ किंवा २४०० कुठेतरी बारीक, नाहीतर नाहीच. त्याच वेळी प्रोसेसर कंपन्या वॉरंटीच्या कागदात सांगतात की एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), बिघडलं तर आमची जबाबदारी नाही. म्हणजे एक जण तो वेग विकणार, दुसरा तो वापरू नको म्हणणार, आणि मधे गिऱ्हाईक. मला हे कधीच पटलेलं नाही. अमेरिकेत गिऱ्हाईकांनी यावरून दावे लावले आणि रॅम कंपन्यांना पैसे देऊन तडजोडी कराव्या लागल्या. आपल्याकडे कोण दावा लावतोय, पोरगा दुकानदारालाच चोर म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

आणि एक्सएमपी चालू करूनही तो वेग न मिळण्याचे दिवस होते. २०२० मध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाल्या, निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाइट नव्हती तरी पीसीच्या ऑर्डर येत होत्या, तेव्हा बऱ्याच जणांनी इंटेलचा दहाव्या जनरेशनचा आय५-१०४०० आणि बी४६० मदरबोर्ड घेतला, सोबत ३२०० ची रॅम. ती २६६६ च्या वर गेलीच नाही, कारण त्या बोर्डांवर मेमरी ओव्हरक्लॉक बंद होतं. हार्डवेअरला जमत नव्हतं म्हणून नाही, महागड्या झेड सिरीजच्या बोर्डांना वेगळं ठेवायचं म्हणून. पुढच्याच वर्षी बी५६० वर ते खुलं केलं. ज्यांनी आधी पैसे घातले त्यांना कोणी काही दिलं नाही.

२०२१ च्या शेवटी डीडीआर५ आली ती ४८०० सीएल४० वगैरे, म्हणजे साडेसोळा नॅनोसेकंदांच्या वर, चांगल्या डीडीआर४ पेक्षा कित्येक गेममध्ये मागे. ६००० सीएल३० बाजारात रुळली ती २०२२ च्या एएम५, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटनंतर, एक्सपो (एएमडीचं एक्सएमपी) प्रोफाइलसोबत. २०२३ मध्ये एएमडीचे काही एक्स३डी (जादा कॅशवाले) प्रोसेसर जळाले, मग बायोस अपडेट करून एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या एका भागाचं) १.३ व्होल्टवर अडवलं. ते प्रोफाइल चालू करताना वाढलेल्या व्होल्टेजचंच प्रकरण होतं, म्हणजे एक्सएमपीचा जुना वाद नव्या नावाने.

एक्स३डीमुळे एक बरं झालं, प्रोसेसरमध्येच ९६ एमबी कॅश (आतलीच छोटी, वेगवान मेमरी) असल्यावर रॅमची वाट कमी वेळा बघावी लागते, सीएल३० आणि सीएल३६ मधला फरक गेममध्ये जेमतेम जाणवतो. २०२५ च्या शेवटाकडे एआय सर्व्हरसाठी मेमरी तिकडे ओढली गेली आणि किमती अशा भडकल्या की हाच फरक खिशाला कळायला लागला. त्यामुळे आता मी एक्स३डीवाल्यांना सरळ ६००० सीएल३६ सांगतो, पण दोन स्टिक. बजेट तुटतंय म्हणून एकच स्टिक लावली तर अर्धी बँडविड्थ गेली, तिथे सीएल काय करणार.

आणि डीडीआर५ पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, बोर्ड टायमिंग शिकत असतो. मालवणातल्या एकाने पावसात तीनदा बटण दाबून बंद केलं, बोर्ड मेला म्हणून कुरियरने मुंबईला परत पाठवला, पंधरा दिवसांनी तोच बोर्ड "ओके" चिठ्ठी लावून परत आला.