पामचे रोप नेताना आणि लावल्यावर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक आम्ही प्रत्येक पामच्या रोपासोबत देतो. जमल्यास रोप निवडण्याआधीच वाचा, कारण पामच्या बहुतेक तक्रारी जागा आणि जात यांचा मेळ न बसल्याने सुरू होतात.

आंब्याचा शेंडा मोडला तर बाजूने फुटवे येतात. नारळ, पोफळ, रॉयल, फॉक्सटेल अशा एकखोडी पामला ती सोय नाही. सगळे झाड शेंड्यातल्या एका कोंबावर वाढते. न उलगडलेले जे टोकदार पान वर दिसते, ती सुई. तिच्या तळाशी हा कोंब असतो. कोंब मेला की झाड संपले. वरून छाटून उंची आटोक्यात ठेवता येत नाही. खोडावर पडलेला घाव साल धरून भरूनही येत नाही, तो जन्मभर तसाच राहतो. म्हणून झाड पूर्ण वाढल्यावर केवढे होणार, हे रोप गुडघ्याएवढे असतानाच माहीत हवे.

लेबलावर जाऊ नका, रोप पाहा

सर्वांत जास्त घोटाळा ‘बॉटल पाम’ या नावाचा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी या नावाने रॉयल पाम विकला जातो. तो मूळचा क्यूबाकडचा, खोड सिमेंटच्या खांबासारखे राखाडी, उंची 50-60 फूट. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा. तो 10-12 फुटांवर थांबतो, बुंध्याशी फुगतो आणि एका वेळी मोजकीच पाने धरतो. गॅलरीखाली दुसरा समजून पहिला लावला, तर काही वर्षांत वाळलेली झावळी थेट गॅलरीवर पडू लागते, आणि रॉयलची एक मोठी झावळी 15-20 किलोची असू शकते. लहान रोपांत फरक असा ओळखावा: खऱ्या बॉटल पामच्या कोवळ्या पानांना तांबूस कडा असते, पाने ताठ असतात आणि बुंधा लवकरच जाड वाटतो. रॉयलचे रोप सडपातळ, पाने मऊ आणि नुसती हिरवी.

रॉयल आणि फॉक्सटेल यांचीही अदलाबदल होते. पातीचे टोक बघा. रॉयलचे निमुळते असते, फॉक्सटेलचे उंदराने कुरतडल्यासारखे तुटके. फॉक्सटेल ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा, 25-30 फुटांचा. बंगल्याच्या आवारात तो रॉयलपेक्षा कितीतरी जास्त शोभतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘अरेका पाम’ म्हणून कुंडीत मिळतो तो मादागास्करचा, झुडपासारखा अनेक खोडांचा पाम. उन्हात त्याचे देठ पिवळे होतात, तो रोग नव्हे. आपली पोफळ एकखोडी असते आणि तिच्या पाती रुंद, शिरांच्या. शेंड्याकडच्या पाती एकमेकींना चिकटलेल्या असतात. सुपारी हवी असेल तर अरेका पाम नेऊन ती मिळणार नाही.

शिंदी आणि खजूर यांच्या पानांच्या तळाशी पातींचे काटे झालेले असतात. बुंध्याशी पिल्ले दिसली आणि पानांवर निळसर राखाडी झाक असली तर तो खजूर. शिंदीला पिल्ले येत नाहीत. भेरली माडाचे पान दुहेरी विभागलेले असते, पाती माशाच्या शेपटीसारख्या. लग्नमंडपाला ज्याच्या झावळ्या बांधतात तेच हे झाड. त्याचे फुलोरे वरून खाली येत जातात आणि सर्वांत खालचा फुलोरा संपला की झाड मरते. ग्राहक याला रोग समजून औषध मागायला येतात. त्याच्या फळाचा गर हाताला लागला तर भयंकर खाज येते, त्यामुळे मुले खेळतात तिथे हे झाड नको. त्याचाच भाऊबंद, बेटाने वाढणारा फिशटेल पाम, कुंपणाला चांगला; एक खोड संपले तरी बाजूची वाढत राहतात. फळाची खाज मात्र त्यालाही आहे.

आणखी एक खूण सांगतो, ती फोटोपेक्षा हमखास उपयोगी पडते. पाती देठाला जिथे जुळते तिथे बोट फिरवा. शिंदी, खजूर आणि भेरली माडात ती पन्हळीसारखी वर उघडी असते. नारळ, पोफळ, रॉयल, अरेका यांत ती छपरासारखी उलटी असते.

सायकस, ट्रॅव्हलर्स पाम आणि पोनीटेल पाम हे पाम नव्हेत. सायकसची नवी पाने एकदम चक्राने येतात, कोवळ्या पाती नेच्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. त्याच्या बिया कुत्र्याने खाल्ल्या तर त्याच्या जिवावर बेतते. घरात कुत्रा असेल तर हे आधी सांगा, आम्ही दुसरे झाड सुचवू.

जागा आणि लावणी

पामची मुळे बुंध्यातून दोरीसारखी निघतात आणि वडा-पिंपळासारखी जाड होत नाहीत. पायाला तडा जाईल ही भीती फारशी खरी नाही. धोका वरून पडणाऱ्या झावळ्यांचा आणि फळांचा असतो. रॉयल भिंतीपासून किमान 10 फूट, नारळ 12 फूट. विजेच्या तारांखाली दोन्ही नको. बिस्मार्किया पामचा घेर 20 फुटांपर्यंत जातो, तो छोट्या अंगणात लावूच नये. पोफळीला सावली हवी: नैर्ऋत्येचे दुपारचे ऊन सरळ खोडावर आले तर खोड भाजते आणि त्या जागी चिरते. केळी किंवा नारळाच्या आडोशाने, 9 फुटांवर एक, अशी लावा.

ताड हौसेने नेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे: नर आणि मादी झाडे वेगळी असतात, फुलायला 12-15 वर्षे लागू शकतात आणि तोवर ताडगोळे मिळणार की नाही हे कळत नाही.

शोभेच्या पामसाठी खड्डा पिशवीच्या दुप्पट रुंद, खोली पिशवीएवढीच. पिशवीत मातीची जी पातळी आहे तीच जमिनीत ठेवा. खोड खोल पुरले तर मुळांना हवा मिळत नाही आणि नवे पान पिवळे येऊ लागते. खड्ड्यात ताजे शेण घालू नका. पूर्ण कुजलेले शेणखत दोन घमेली, निंबोळी पेंड अर्धा किलो, बाकी उकरलेलीच माती. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचत असेल तर तळाशी वाळू ओतून भागत नाही. रोप फूटभर उंचवट्यावर लावा. पिशवी कापताना मुळांचा गड्डा फुटू देऊ नका, आणि रोप शेंड्याला धरून उचलू नका. मोठे झाड लावल्यास तीन बाजूंनी टेकू द्या, खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर बांधा. खिळा एकही ठोकू नका.

नारळाची रीत वेगळी

नारळाला मात्र खोल खड्डा लागतो: 1 मीटर लांब, रुंद आणि खोल. रोप तळाकडे लावायचे आणि ते वाढेल तसा खड्डा भरत आणायचा, कारण बुंधा फुगतो आणि त्यातून नवी मुळे निघतात. तळाशी नारळाची सोडणे (वरची सुकी टरफले), खोलगट बाजू वर करून पसरली तर ओल टिकते. पावसाचे पाणी खड्ड्यात साचू नये म्हणून कडेने मातीचा बांध हवा. दोन झाडांत 25 फूट अंतर. दाट लावलेले माड उजेडासाठी वाकतात आणि कमी धरतात.

रोप 9 ते 12 महिन्यांचे, 5-6 पानांचे, बुंधा आखूड आणि जाड असे निवडा. उंच लवचिक रोप दिसायला छान, पण ते सावलीत ताणलेले असते. बाणवली ही कोकणातली उंच जात, 6-8 वर्षांनी धरते आणि पिढ्यान् पिढ्या टिकते. शहाळ्यासाठी चौघट ऑरेंज ड्वार्फ 3-4 वर्षांत लागते, पण पाण्याची ओढ तिला सोसत नाही.

पाच वर्षांवरच्या माडाला वर्षाला 50 किलो शेणखत, 2.25 किलो युरिया, 3 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. शेणखत आणि सुपर फॉस्फेट पावसाच्या सुरुवातीला एकदम, युरिया-पोटॅश जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत तीन भाग करून. पहिल्या वर्षी याचा पाचवा हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन पंचमांश, असे वाढवत न्या. खत बुंध्याशी ओतू नका. बुंध्यापासून 3 ते 5 फुटांवर गोल आळ्यात घालून मातीत मिसळा.

रॉयल-फॉक्सटेलला आम्ही तीन वर्षांनंतर प्रत्येक वेळी खत देताना 100 ग्रॅम युरिया, 150 ग्रॅम सुपर फॉस्फेट, 200 ग्रॅम पोटॅश आणि 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट सुचवतो. लॉनचे खत यांना चालत नाही, त्यात नत्र जास्त आणि पोटॅश कमी असते.

पिवळेपणा कुठल्या पानावर आहे?

पान पिवळे पडले एवढ्यावरून काही सांगता येत नाही. जुने की नवे, हे आधी बघा.

खालच्या जुन्या पानांवर नारिंगी ठिपके आणि टोके जळालेली: पोटॅश कमी. जुन्या पानाच्या कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मध्य हिरवा: मॅग्नेशियम. दोन्हींत झाड जुन्या पानातले अन्न ओढून नव्याला देत असते, म्हणून ती पाने कापली तर झाड पुढच्या पानांवर हात घालते आणि शेंडा बारीक होत जातो. पान पूर्ण वाळेपर्यंत राहू द्या.

नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या: लोह; बहुधा खोल लावणी किंवा साचलेले पाणी. नवी पाने आखूड, चुरगळलेली, जळकी: मँगनीज. देशावर चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे फार दिसते, रॉयलला तर विशेष. मँगनीज सल्फेट लिटरला 3 ग्रॅम, महिन्याने पुन्हा. बिघडलेले पान सुधारत नाही, फरक पुढच्या पानात दिसतो. पाती एकमेकींत चिकटून पानाचे टोक आकड्यासारखे वळले तर बोरॉन. मोठ्या माडाला वर्षाला 50 ग्रॅम बोरॅक्स पुरे. जास्त घालू नका, बोरॉन जास्त झाले की विषच होते.

कोंबाचे शत्रू

नवे झाप उलगडले आणि पाती कात्रीने तिरक्या कापल्यासारख्या दिसल्या, म्हणजे गेंड्या भुंग्याने सुई बंद असतानाच आत भोक पाडले होते. भोकाशी चघळलेला भुसा दिसतो. तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढा, मग वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा. पण त्याची पांढरी अळी वाढते ती शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या ओंडक्यांत. खत वर-खाली करा, अळ्या वेचा, मेटारायझियम (अळ्यांना मारणारी उपयोगी बुरशी) मिसळा. खड्डा तसाच ठेवून झाडावर कितीही उपाय केले तरी भुंगे येत राहतात.

सोंड्या भुंगा त्याहून घातक, कारण तो आत राहतो. खोडाला भोक, त्यातून तपकिरी चिकट रस, आंबूस वास, बाहेर आलेले तंतू. खोडाला कान लावला तर अळ्यांचा कुरकुर आवाज येतो. लवकर कळले तरच झाड वाचते. वाट न पाहता कळवा. शेंडा लोंबला असेल तर झाड तोडून खोड फोडा आणि जाळा. ओंडका कोपऱ्यात ठेवला तर त्यातूनच भुंगे शेजारच्या माडावर जातात.

हा भुंगा ताज्या जखमेच्या वासावर येतो. म्हणून हिरव्या झावळ्या तोडणे, खोडाला पायऱ्या पाडणे, दिव्यांच्या माळांसाठी खिळे मारणे बंद ठेवा. झावळी काढायचीच असेल तर खोडापासून किमान 3-4 फूट देठ राखून कापा. रॉयल आणि फॉक्सटेल आपली पाने आपणच टाकतात. त्यांचा हिरवा गुळगुळीत गळा सोलणे म्हणजे कोंब उघडा पाडणे.

पावसाळ्यात सुई तपकिरी पडून हलक्या ओढीने हातात आली आणि घाण वास आला, तर कोंबकूज. कुजलेला भाग निरोगी पांढऱ्या भागापर्यंत कापून काढा, बोर्डो पेस्ट लावा (1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना) आणि नवी सुई दिसेपर्यंत पाऊस आत जाणार नाही असे झाका. खबरदारी म्हणून पावसाच्या तोंडावर 1 टक्का बोर्डो फवारा: 10 लिटरला 100-100 ग्रॅम. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करा, लोखंडी भांडे नको. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहा; त्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी आहे.

पानाखाली पांढरी गोल नक्षी आणि वरच्या बाजूला काळी बुरशी, ही पांढरी माशी. पाण्याचा जोराचा फवारा आणि लिटरला 5 मिली निंबोळी तेल एवढेच करा. कडक कीटकनाशक मारले तर तिच्यावर जगणारी एन्कार्शिया नावाची सूक्ष्म गांधीलमाशी मरते आणि प्रादुर्भाव वाढतो.

वादळानंतर

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. कललेले लहान झाड तेव्हा नीट करता येते, फक्त मुळे वाळण्याआधी. उघडी मुळे ओल्या गोणपाटाने झाका, दोन-चार दिवसांत हळूहळू सरळ करा, माती भरा, टेकू सहा महिने ठेवा. सुई शाबूत असेल तर पाने सगळी फाटली तरी तोडू नका. शहरी भागात झाड काढायचे झाल्यास 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या.

कुंडीतले पाम

घरात राफिस (लेडी पाम) आणि अरेका टिकतात. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग वाळू. कुंडी 12-14 इंची, खाली भोक मोकळे. वरची इंचभर माती सुकल्यावरच पाणी. टोके तपकिरी होत असतील तर दोन महिन्यांतून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या, साठलेले क्षार निघून जातील. बंद, एसीच्या खोलीत पानामागे लाल कोळी येतो. पाने ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा.

आम्हाला विचारताना

झाडाची तक्रार पाठवताना चार फोटो काढा: लांबून पूर्ण झाड, जवळून सुई, सर्वांत जुन्या पानाची वरची आणि मागची बाजू, आणि बुंधा जमिनीला मिळतो ती जागा. पाणी बोअरचे की नळाचे, आणि शेवटचे खत कोणते, कधी घातले, तेही लिहा. सुई ओढून पाहिली असेल तर ती सैल होती की घट्ट, हे जरूर कळवा. सैल असेल तर आम्ही त्या झाडाला आधी हात घालतो.