बांध जळला, केना उरला

मृगाचा पाऊस होऊन महिना उलटला होता. लातूरकडे चुलतभावाच्या शेतावर गेलो, तर सोयाबीन हिरवंगार आणि बांध मात्र पिवळा. "काही नाही, तणनाशक मारलं. जाळून टाकलं सगळं," तो म्हणाला.

हा 'जाळलं' शब्द गावोगाव चालतो, पण त्याने मारलेल्या ग्लायफोसेट या तणनाशकाच्या बाबतीत तो चूक आहे. पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक खरंच पान जाळतं, कडक उन्हात तर काही तासांत. ग्लायफोसेट मारलेलं तण मात्र आठ-दहा दिवस रेंगाळत पिवळं पडतं. ते उपासमारीने मरतं, तेही भरल्या ताटासमोर.

प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, हे शाळेत झालेलं आहे. त्यांपैकी फिनाइलअलानिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन वनस्पती 'शिकिमेट मार्ग' नावाच्या रासायनिक क्रियांच्या साखळीतून घडवतात. (शिकिमी हे एका जपानी झाडाचं नाव. या मार्गातलं शिकिमिक आम्ल, म्हणजेच शिकिमेट, पहिल्यांदा त्यात सापडलं.) या वाटेवर ईपीएसपीएस नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. त्याच्या खोबणीत आधी एक रेणू बसतो, मग शेजारी पीईपी नावाचा दुसरा येतो आणि विकर दोघांची गाठ मारतं. ग्लायफोसेटची अंगकाठी पीईपीसारखी. पहिला पाहुणा बसला की हा दुसऱ्याच्या पाटावर येऊन बसतो आणि उठायचं नावच घेत नाही.

पण मला भुरळ पडते ती पुढच्या गोंधळाची. एरवी या मार्गात पुढे तयार होणारे पदार्थ त्याच मार्गाच्या सुरुवातीला लगाम घालतात: पुरे झालं, आता थांबा. ते बनणंच थांबलं की लगाम सुटतो. झाड प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेला कार्बन या मार्गात ओतत राहतं, तो अडलेल्या जागी तुंबतो आणि पानात शिकिमेट साचत जातं. ग्लायफोसेटची बाधा ओळखायला प्रयोगशाळेत हे शिकिमेटच मोजतात. शिवाय औषध साखरेच्या प्रवाहाबरोबर कोंबाच्या आणि मुळांच्या टोकांपर्यंत पोचतं, म्हणून खुरप्याला दाद न देणारी हराळीही मुळापासून मरते. प्राण्यांत हा मार्गच नसतो. आपण ही अमिनो आम्लं किंवा त्यांचा कच्चा माल अन्नातून घेतो. म्हणून औषध निर्धोक, असं मात्र समजू नका.

आता बांधाकडे या. तिथं आघाडा, माका, कुर्डू, तरोटा, पाथरी, घोळ, दुर्वा असं बरंच काही दाटीवाटीने नांदतं. गौरी-गणपतीला आघाडा आणायला बायका इथंच येतात. फवारा थेट बांधावर मारला नाही तरी बारीक थेंब वाऱ्याने सरकतात. तेवढ्याने झाड मरत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी डायकांबा या दुसऱ्या तणनाशकाची शेतातल्या मात्रेच्या सुमारे १ टक्का मात्रा लसूणघासावर आणि एका रानफुलावर वापरून पाहिली. झाडं जगली, पण फुलं उशिरा आणि कमी आली. परागण करणारे कीटकही कमी फिरकले. फुलं कमी म्हणजे बी कमी. दरवर्षी थोडं थोडं बी कमी पडत गेलं की काही पावसाळ्यांत एखादी जात बांधावरून नाहीशी होऊ शकते आणि तिचं मेलेलं एकही रोप कुणी पाहिलेलं नसतं.

मग मोकळ्या जागेत कोण येतं? केना. हो, आपण ज्याच्या पानांची भजी करतो तोच, निळ्या फुलांचा. ग्लायफोसेटच्या नेहमीच्या मात्रेला तो पुरता दबत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जियात ग्लायफोसेट सहन करणारा कापूस आला, शेतकऱ्यांनी बाकीची तणनाशकं कमी केली आणि हा आपला केना तिथलं डोकेदुखीचं तण होऊन बसला. तणनाशक तण संपवत नाही, ते तणांची निवड करतं.

मोबाइलवर फिरणाऱ्या 'देशी, बिनविषारी तणनाशका'च्या कृतीही इथंच निकालात काढतो. त्यांतल्या बऱ्याच कृतींत मूठमूठ मीठ असतं. मिठाने तण सुकतं, आणि ते जिथं साचतं तिथली माती पिकाच्याही कामाची राहत नाही. 'देशी' लिहिल्याने सोडियम सौम्य होत नाही.

भावाच्या बांधावरही पिवळ्या पसाऱ्यात केन्याची हिरवी ठिगळं होती. "हा तर उपटून टाकतो," म्हणत त्याने एक वेल ओढला. वेल हातात आला, बूड जमिनीतच राहिलं. मी खुरपं मागून घेतलं आणि वीतभर माती उकरली. खाली दोऱ्यासारख्या पांढऱ्या फांद्या होत्या आणि त्यांच्या टोकांना फुगीर बोंडं. केन्याला जमिनीखालीही फुलं येतात. ती उमलतच नाहीत, आतल्या आत परागण होऊन बी धरतात. भावाने एक बोंड नखाने फोडलं, बी तळहातावर घेतलं आणि विचारलं, "मग याच्यावर काय मारायचं?"