पाणलोट विकास अनुदान

पाणलोट विकास अनुदान : गावाच्या शिवारातील पाणलोटात (एकाच ओढ्याकडे वा नाल्याकडे पाणी वाहून येणाऱ्या क्षेत्रात) पडणारे पाणी अडवणे, जिरवणे व काटकसरीने वापरणे यांसाठी गावकऱ्यांच्या समितीमार्फत होणाऱ्या कामांना शासन देत असलेले अर्थसाहाय्य. सलग समतल चर, बांधबंदिस्ती, अनघड दगडी बांध, माती व सिमेंट नालाबांध, पाझर तलाव, कुरणविकास ही त्यातील नेहमीची कामे होत. शासकीय खात्याने स्वतः वा ठेकेदाराकडून करून घेतलेल्या कामाला या अर्थाने अनुदान म्हणता येत नाही. अनुदानात गावाचा हिस्सा, मग तो रोख लोकवर्गणीचा असो वा श्रमदानाचा, गृहीत असतो. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्राचा विचार केला आहे.

पाण्याची कामे करणाऱ्यांना राज्यसत्तेने सवलत देण्याची प्रथा जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात नवा तलाव व बांध बांधणाऱ्यास पाच वर्षे, मोडकळीस आलेला दुरुस्त करणाऱ्यास चार वर्षे, तर झाडोरा माजलेला साफ करणाऱ्यास तीन वर्षे करमाफी सांगितली आहे. या ग्रंथाचा काळ इ. स. पू. चौथे ते इ. स. तिसरे शतक असा निरनिराळा मानला जातो आणि प्रत्यक्षात माफी कितपत मिळत असे, हे केवळ ग्रंथातील वचनावरून ठरवता येत नाही. नाशिक व धुळे जिल्ह्यांतील पांझरा, मोसम इ. नद्यांवरील फड पद्धती (बंधाऱ्यावरील सामुदायिक सिंचनाची व्यवस्था) सु. तीनशे ते चारशे वर्षांपूर्वीची असावी. तिच्यात बंधाऱ्याची व पाटाची देखभाल लाभधारक आपसांत वाटून घेत. ती व्यवस्थापनाची परंपरा आहे, अनुदानाची नव्हे. तिला आजच्या योजनांची थेट पूर्वज म्हणणे सयुक्तिक वाटत नाही.

गावाच्या हिश्श्याची अट कोठून आली, याविषयी अभ्यासकांत तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमात आहे. या कायद्यान्वये अवर्षणप्रवण भागांत बांधबंदिस्तीची कामे झाली व खर्चाचा काही भाग जमीनधारकांकडून वसूल करण्याची तरतूद होती. परंतु वसुली आणि सहभाग या भिन्न गोष्टी आहेत. आराखडा खात्याचा, मोजमाप खात्याचे आणि शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त देणे रक्कम, असे त्याचे स्वरूप होते. शेतकऱ्याला बांध आपला वाटावा, असे त्यात काही नव्हते.

दुसरे मत हरयाणातील सुखोमाजरीकडे बोट दाखवते. तेथे 1970 च्या दशकात मृद्संधारण संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्र यांच्या पुढाकाराने छोटे बांध झाले आणि भूमिहीनांसह प्रत्येक घराला पाण्यात हिस्सा मिळाला. त्या बदल्यात डोंगरावरील चराई गावाने स्वतःहून थांबवली. हा प्रयोग राष्ट्रीय धोरणकर्त्यांपुढे सतत होता, हे खरे. तथापि तेथे गावाने दिले ते संयमाच्या रूपात. खर्चाच्या हिश्श्याचे सूत्र तेथून आले असे दिसत नाही.

तिसरे मत पुरंदर तालुक्यातील नायगावच्या बाजूने असून ते अधिक ग्राह्य वाटते. 1972 च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तेथे देवस्थानची सु. 40 एकर जमीन घेऊन पाणलोटाचा प्रयोग केला. त्यातून ग्राम गौरव प्रतिष्ठान व पुढे पाणी पंचायत उभी राहिली. सामुदायिक उपसा सिंचन योजनांसाठी तिने ठरवलेले सूत्र स्पष्ट होते : 50 टक्के शासकीय अनुदान, 30 टक्के प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज आणि 20 टक्के लाभधारकांची स्वतःची रक्कम. पाण्याचा हक्क जमिनीला न जोडता माणसाला जोडला : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही हक्क होता आणि उसाला मज्जाव होता. वर्गणी भरणाऱ्याला पाण्याच्या वाटपात आवाज मिळतो, हे येथे प्रथम नियम म्हणून बांधले गेले. नंतरच्या बहुतेक योजनांनी वर्गणी उचलली. वाटपाचा नियम मात्र मागेच राहिला. अनुदानाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी उणीव होय.

सांगली जिल्ह्यातील येरळा नदीवरचे बळीराजा स्मृती धरण (1980 च्या दशकाचा उत्तरार्ध) हे उलट बाजूचे उदाहरण आहे. तेथे मुक्ती संघर्ष चळवळीने नदीतील वाळू विकून बांधकामाचा पैसा उभारला आणि समन्यायी वाटपाचा आग्रह धरला. शासन तेथे आधी अनुदानदाता म्हणून नव्हे, तर परवानगी देणारा पक्ष म्हणून समोर होते.

1990 च्या दशकात अनुदानाला आजचे रूप आले. राज्यात 1992 पासून आदर्श गाव योजना सुरू झाली. राळेगणसिद्धीच्या अनुभवावर आधारलेल्या या योजनेत नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान ही पंचसूत्री पाळणे ही निवडीची अट होती. हिवरे बाजार हे तिचे सर्वपरिचित गाव. त्याच सुमारास फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने व नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेच्या सहभागाने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. त्यात अकुशल कामाच्या खर्चाचा सु. सहावा हिस्सा श्रमदानाने द्यावा लागे. भूमिहीन व एकल पालकांच्या गरीब कुटुंबांना यातून सूट होती. आधी गावाने प्रशिक्षणाच्या टप्प्यात स्वतःला सिद्ध करायचे आणि मगच पूर्ण निधी, हा क्रम या कार्यक्रमाचे बलस्थान ठरला.

केंद्र पातळीवर हनुमंत राव समितीच्या अहवालानंतर 1994 ची मार्गदर्शक तत्त्वे आली व 1 एप्रिल 1995 पासून लागू झाली. सु. 500 हेक्टरचा सूक्ष्म पाणलोट हे एकक ठरले. सामाईक जमिनीवरील कामांसाठी किमान 5 टक्के, तर खासगी जमिनीवरील कामांसाठी 10 टक्के वर्गणी पाणलोट विकास निधीत जमा करायची, जेणेकरून प्रकल्प संपल्यावर डागडुजीला पैसा उरावा. 2008 च्या समान तत्त्वांनी हेक्टरी खर्च 12,000 रु. (डोंगराळ व अवघड भागांत 15,000 रु.) केला आणि पाणलोट समिती ग्रामसभेच्या अखत्यारीत आणली. यातील 4 टक्के रक्कम गावाचा विश्वास मिळवण्यासाठीच्या प्रवेश प्रेरक उपक्रमांची होती. 2021-22 पासूनच्या प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेच्या पाणलोट घटकात हे दर अनुक्रमे 22,000 व 28,000 रु. ठरवण्यात आले.

कामांचा क्रम ‘माथा ते पायथा’ असावा, हे सर्व तत्त्वांत मान्य आहे. माथ्यावरचे चर व झाडोरा आधी झाला नाही, तर खालचा बांध पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच गाळाने भरतो. वाद आहे तो नाला खोलीकरणाचा. राज्याचा सु. 80 टक्के भाग बेसाल्टने व्यापला आहे. वर मुरमाचा झिजलेला थर आणि खाली घट्ट कातळ अशी त्याची रचना असते. विहिरींना पाणी देतो तो मुख्यतः मुरूम व त्याखालचा भेगाळ खडक. नाला भूजलपातळीच्या खाली खणला, की काठच्या मुरमातील पाणी जिरण्याऐवजी चरात उतरते व उन्हात वाफ होऊन जाते. काठावर टाकलेली माती पुढच्या पुरात पुन्हा पात्रात येते. शिरपूर परिसरातील खोल व रुंद नाल्यांच्या यशाचा दाखला समर्थक देतात. परंतु तापी खोऱ्याच्या त्या पट्ट्यात गाळाचे जाड थर आहेत, म्हणून तो दाखला पठारावरील कातळाला सरसकट लागू होत नाही.

5 डिसेंबर 2014 च्या निर्णयाने आलेल्या जलयुक्त शिवार अभियानात अनेक खात्यांचा निधी एकत्र आला आणि यंत्रकामाचा वाटा वाढला. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी या पद्धतीला उच्च न्यायालयात आव्हान दिल्यावर माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2020 मध्ये मांडलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सु. 9,634 कोटी रु. खर्चूनही भूजलपातळीवर अपेक्षित परिणाम न दिसल्याचे नोंदवले. अभियानाचे समर्थक हा निष्कर्ष मर्यादित गावांच्या तपासणीवर आधारलेला मानतात. निवडक गावांच्या पाहणीवरून राज्याचा निवाडा सावधपणेच करावा. मात्र गावाचा हिस्सा पूर्वअट न राहिल्याने देखभाल कोणी करायची हा प्रश्न अनुत्तरित राहिला, एवढे त्यावरून म्हणता येते.

अटल भूजल योजनेने (2019) वेगळी दिशा घेतली. जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत आलेल्या या योजनेत ग्रामपंचायतीने पाण्याचा ताळेबंद मांडणे आणि मागणी घटवणे यांवर प्रोत्साहन निधी अवलंबून होता. ठिबक, पीकबदल व भूजलमापन यांना त्यात बांधकामापेक्षा अधिक महत्त्व होते.

कोकणात लोकसहभागाचे काम मुख्यतः हंगामी कच्च्या व वनराई बंधाऱ्यांच्या रूपाने चालते. रिकाम्या पोत्यांत माती वा वाळू भरून ते पावसाळा सरताच ओढ्यांवर घातले जातात. गोव्यात खाजण जमिनींच्या (बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनींच्या) बांधांची देखरेख पूर्वी गावकारी या गावाच्या सामुदायिक संस्था करीत.